हंगाम तोंडावर असताना ठेव मोडू नका

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातली हकीकत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही प्रश्न कळेल. तुम्ही जुळे सोलापुरात घरीच शाळेच्या गणवेशांच्या ऑर्डरी घेता, सहा जणी शिवणाला येतात. २०१६ साली असेंबल करून घेतलेल्या डेस्कटॉपवर मापांच्या याद्या, बिलं, बँकेची कामं आणि मुलाचा बारावीचा अभ्यास चालतो. विंडोज १० ची मुदत संपली म्हणून दुकानदाराने ४६,००० रुपयांचा लॅपटॉप सुचवलाय, बारा ‘बिनव्याजी’ हप्त्यांत. मुलगा म्हणतो विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टिम टाकू, एसएसडी (वेगवान डिस्क) आणि रॅम (मेमरी) मिळून ५,५०० रुपयांत भागेल. मिस्टरांचं म्हणणं असं की एक लाखाची मुदत ठेव आहे, ती मोडा आणि रोखीने घेऊन मोकळे व्हा. तिघांपैकी कोणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय.

मुलाचं ऐका, पण आत्ता नाही. ठेव मोडू नका, हप्ते लावू नका आणि लिनक्सही जुलै उजाडेपर्यंत टाकू नका.

आधी त्या मुदतीबद्दल, कारण सगळी घाई तिथूनच सुरू झाली आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली, हे खरं. म्हणून तुमचा कॉम्प्युटर बंद पडणार नाही. तो सुरू होईल, एक्सेल उघडेल, प्रिंट निघेल. बंद होतात ती सुरक्षेची अपडेट्स. पुढे एखादी नवी फट सापडली तर ती बुजवायला कोणी येत नाही, आणि ज्या मशीनवर बँकेचा पासवर्ड टाइप होतो तिथे हे चालवून घेता येणार नाही. पण घरगुती वापरासाठी कंपनीने सुरक्षेची अपडेट्स आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, देऊ केली आहेत. ती ३० डॉलर भरून मिळतात, आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे न भरताही मिळतात. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटचं पान उघडा, तिथे नावनोंदणीचा पर्याय दिसतो. त्यासाठी विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, म्हणजे २२एच२, असावी लागते. मुलाला दहा मिनिटांचं काम आहे, या रविवारीच करून घ्या. दुकानात हे कोणी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटलं, कारण ४६,००० रुपयांचा निर्णय या एका माहितीवर अडलेला होता.

विंडोज ११ तुमच्या मशीनवर चढणार नाही, हे मात्र दुकानदाराने बरोबर सांगितलं. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमचा सहाव्या पिढीचा आहे. ‘आडवाटेने टाकून देतो’ म्हणणारे भेटतील. अशा मशीनला पुढची अपडेट्स मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही, त्यामुळे धंद्याच्या मशीनवर हा प्रयोग नको.

आता वेळेचं. जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा उठली की तुमच्याकडे शाळांचे फोन सुरू होतात, एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत मान वर करायला फुरसत नसते, हे तुम्हीच लिहिलंय. त्याच दिवसांत मुलाची बारावी आणि मग सीईटी. घरात लिनक्स जाणणारा तो एकटाच. मे महिन्यात भर ऑर्डरीत प्रिंटर रुसला तर तो पेपर सोडून वायरी तपासत बसणार का? मी स्वतः ही चूक केली आहे. सात रस्त्याजवळच्या माझ्या ऑफिसात एक मशीन मी भर जुलैत, विवरणपत्रांच्या गर्दीत, लिनक्सवर नेलं. सिस्टिम झकास चालली, पण मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या सूचना) असलेली एक एक्सेल फाइल लिबरऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये हलेना. अशिलांचे दोन दिवस त्यात गेले. दोष लिनक्सचा नव्हता, मी निवडलेल्या आठवड्याचा होता.

पैशाकडे वळू. ती एक लाखाची ठेव जूनमध्ये पिकते आणि मुलाच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या फीसाठी ठेवली आहे. मुदतीआधी मोडली तर जितके दिवस पैसे राहिले तितक्या मुदतीचाच दर लावतात, वर बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का कापतात. ही कपात सोसता येईल. पण प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्यावर जागा मिळाली की ठरलेल्या तारखेच्या आत पैसे भरावे लागतात, आणि तेव्हा शाळांकडची तुमची येणी अजून अडकलेली असतील. मग त्या ४६,००० साठी हात कोणापुढे पसरणार?

हप्त्यांचं म्हणाल तर बिनव्याजी नावाचं कर्ज नसतं. बँक व्याज लावते आणि दुकान किंवा कंपनी तेवढी रक्कम सूट म्हणून आधी वळती करते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि वर प्रक्रिया शुल्क तुमच्या माथी येतं, शिवाय रोखीने घेणाऱ्याला जी घासाघीस करता येते ती हातची जाते. २०१३ साली रिझर्व्ह बँकेने शून्य टक्के व्याजाच्या अशा योजनांवरून बँकांना बजावलं होतं, कारण व्याज शुल्काच्या पोटात दडवलं जात होतं. आणि महिन्याचे ३,८३३ रुपये फेब्रुवारी, मार्च, एप्रिलमध्ये जाणार, म्हणजे नेमके तेव्हा जेव्हा तुम्हाला कापड उचलायचं असतं.

माझ्या दृष्टीने खरा मुद्दा या कापडाचा आहे. लॅपटॉपचं बिल धंद्याच्या नावाने घेतलं आणि तुमची जीएसटी नोंदणी नियमित असेल, तर ४६,००० मधले सुमारे ७,००० रुपये करापोटी वळते होतील. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांच्या ठोक कराच्या योजनेत, असाल तर होणार नाहीत. तुमच्या बाजूने धरून चला की लॅपटॉप ३९,००० ला पडला. मुलाच्या ५,५०० शी तुलना केली तर ३३,५०० रुपयांचा फरक राहतो. हे ३३,५०० मार्चमध्ये हातात असले आणि व्यापाऱ्याने उधारीऐवजी रोखीवर ३ टक्के जरी सोडले, तर एका खेपेला हजार रुपये वाचतात. हंगामात अशा दोन-तीन खेपा फिरतात. बँकेतलं वर्षाचं व्याज आणि हे गणित शेजारी शेजारी लिहून मिस्टरांना दाखवा, त्यांना पटेल. एक गोष्ट मात्र मनाशी स्पष्ट असू द्या. लिनक्समुळे लॅपटॉपचा खर्च टळत नाही, दोन-तीन वर्षं पुढे जातो. दहा वर्षं झालेल्या मशीनचा मुख्य बोर्ड कधीतरी जाणारच.

लिनक्स फुकट आहे, पण ते शिकायला लागणारा वेळ फुकट नाही. म्हणून तुमची कामं एकेक करून पाहू. बँक, जीएसटीचं पोर्टल, ईमेल, व्हॉट्सॲप वेब हे सगळं ब्राउझरमध्ये चालतं, तिथे फरक पडत नाही. तुमचा धंदा एकहाती मालकीचा असल्याने रिटर्न मोबाइलच्या ओटीपीवर भरता येतं, डिजिटल सहीच्या टोकनची गरज नाही. मापांच्या याद्या आणि बिलं लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडतील. इयत्तावार बेरजा ठीक येतात का, छापताना पानाची मांडणी हलते का, एवढं पाहा. टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर लिनक्सवर थेट चालत नाही. तुमचं टॅली करसल्लागाराच्या ऑफिसात आहे, म्हणून मी इतक्या मोकळेपणाने मुलाच्या बाजूने बोलतोय. पुढच्या वर्षी टॅली घरी आणायचा बेत असेल तर माझं उत्तर बदलेल, मग विंडोजवालंच मशीन घ्या.

शाळांचे लोगो कोरलड्रॉच्या फाइलमध्ये येतात असं लिहिलंय. लिनक्सवर चालणारा इंकस्केप हा चित्रांचा प्रोग्रॅम त्यातल्या बऱ्याच उघडतो, पण अक्षरं सरकण्याची शक्यता असते, आणि बिल्ला भरतकामाला गेल्यावर ती चूक महागात पडते. डिझायनरकडून प्रत्येक लोगोची पीडीएफ मागून ठेवा. मराठीचा प्रश्न जास्त नाजूक आहे. तुमच्या बचत गटाची जुनी इतिवृत्तं युनिकोड या आजच्या सर्वमान्य पद्धतीच्या आधीच्या फाँटमध्ये असतील, तर तो फाँट लिनक्समध्ये टाकल्यावर ती बहुधा वाचता येतील, पण त्याच पद्धतीने पुढे टाइप करणं जमणार नाही. इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड लिनक्समध्ये असतोच. टंकलेखनाची जुनी सवय मोडायला मात्र पंधरा-वीस दिवस बोटं अडखळतील, ते गृहीत धरा. प्रिंटरचं पेन ड्राइव्हवरून तपासा. लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचा नवख्यांना सोपा प्रकार, पेन ड्राइव्हवरून, काहीही न पुसता, चालवून बघता येतं. दोन बिलं छापून पाहा. काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सला दाद देत नाहीत, आणि तुमचा त्यातला निघाला तर नव्या प्रिंटरचा खर्चही हिशोबात धरावा लागेल.

मुलाला माझ्याकडून एक सांगा. जुनी हार्ड डिस्क पुसायची नाही. डेस्कटॉप आहे, त्यामुळे नवी एसएसडी शेजारी बसते. लिनक्स तिच्यावर टाकायचं, विंडोज जुन्या डिस्कवर जसंच्या तसं राहू द्यायचं. काही अडलं तर मशीन पुन्हा सुरू करून जुन्या डिस्कवर जाता येतं. १३ ऑक्टोबरनंतर मात्र विंडोजच्या बाजूने बँकेचं काम करायचं नाही. एसएसडी आधी घ्या. रॅमचे भाव अलीकडे बरेच चढलेत, त्यामुळे आहे त्या ४ जीबीवर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती आठवडाभर चालवून बघा, कुचंबणा वाटली तरच रॅम.

मिस्टरांची शंकाही रास्त आहे: फुकटची वस्तू, उद्या बंद पडली तर विचारायचं कोणाला? लिनक्सचा गाभा १९९१ साली लिनस टॉरवल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिहायला घेतला, आज त्याच गाभ्यावर तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन चालतो. मिंट २००६ पासून आहे आणि त्याच्या २२ या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत. ते लोकांच्या देणग्यांवर चालतं. दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत झालं तर वाचलेल्यातले ५०० रुपये त्यांना पाठवा, मी दरवर्षी पाठवतो.

जुलैपासून १,००० रुपयांची आवर्ती ठेव सुरू करा, फक्त कॉम्प्युटरसाठी. साडेसहा टक्क्यांनी तीन वर्षांत ३९,००० च्या वर जमतील, आणि बोर्ड गेला त्या दिवशी दुकानात तुम्ही रोख घेऊन उभ्या असाल.

या रविवारी दोनच कामं. वाढीव अपडेट्सची नावनोंदणी, आणि मापांच्या सगळ्या फाइल्सची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर. आणि कॅबिनेटचं झाकण काढून पंख्यावरचा सुताचा कोंडा ब्रशने झाडून घ्या. शिवणाच्या खोलीतलं मशीन आहे, आणि पुढे आपला एप्रिल-मे आहे.