४० मीटरची खरखर डायलच्या दिव्यातून येते का, ते आधी बघा

तुमच्या जुन्या हायब्रिड (ट्यूब आणि ट्रान्झिस्टर दोन्ही असलेल्या) हॅम रेडिओ सेटच्या डायलचे आणि मीटरचे दिवे दुरुस्तीवाल्याने एलईडीचे करून दिले. तेव्हापासून ४० मीटरच्या बँडवर (७ मेगाहर्ट्झ) खरखर सुरू आहे, कुणी बोलत नसलेल्या रिकाम्या जागीही एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा काटा) एस-६ च्या खाली उतरत नाही आणि दुरुस्तीवाला म्हणतो, ‘नॉइज तुमच्या इमारतीतला आहे.’ तुमच्या पोस्टमध्ये हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण माझ्या सेटचं अगदी हेच झालं होतं. तुमचा सेट मी पाहिलेला नाही, त्यामुळे खात्री देत नाही, पण माझा पहिला संशय दिव्यावरच आहे.

बाकी काहीही करण्याआधी तो एलईडीचा दिवा होल्डरमधून काढा आणि ऐका. खरखर गेली तर शोध तिथेच संपला. अँटेना काढून डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा रेझिस्टर) लावून बघायला सगळे सांगतात, पण या बाबतीत ती चाचणी फसवते. दिव्यातला नॉइज त्याच्या वायरींवरून चॅसिसवर (सेटच्या धातूच्या सांगाड्यावर) येतो, तिथून कोएक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) बाहेरच्या जाळीवर चढतो आणि अँटेना तोच उचलून परत आत आणते. अँटेना काढली की खरखर कमी होते आणि माणूस समजतो, नॉइज बाहेरचा आहे. माझ्या दुरुस्तीवाल्याने हीच चाचणी करून दाखवली आणि मला घरी पाठवलं.

मुळात साधा एलईडी आवाज करत नाही. एलईडी आणि रेझिस्टर एवढंच असेल तर त्यात आवाज करायला काही नाही. गोम आहे ती तयार मिळणाऱ्या एलईडी दिव्यांत, जे जुन्या दिव्याच्याच होल्डरमध्ये बसतात आणि ज्यांच्यावर १० ते ३० व्होल्ट, एसी-डीसी दोन्ही चालेल असं लिहिलेलं असतं. एवढ्या मोठ्या पल्ल्यात प्रकाश सारखा राहतो, कारण आत बहुधा छोटासा स्विचिंग कन्व्हर्टर असतो. तो काही शे किलोहर्ट्झवर चालतो आणि त्याच्या पटींची रांग सगळ्या एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झ) बँडवर पसरते. व्हीएफओ (स्टेशन लावायची मुख्य चकती) सावकाश फिरवलात तर ठरावीक अंतरावर खरखर फुगते, मधे ओसरते, पुन्हा फुगते. इन्व्हर्टरचा किंवा विजेच्या तारांचा नॉइज सहसा इतका नेमाने येत नाही. बऱ्याच हायब्रिड सेटांत या दिव्यांना पुरवठा ट्यूबच्या हीटरच्या १२.६ व्होल्ट एसीवरून असतो आणि ती लाइन सेटभर फिरलेली असते, त्यामुळे नॉइजला कुठेही पोचायला वाट मिळते. पुरवठा तुमच्या सेटच्या सर्किट डायग्रॅममध्ये बघा किंवा मल्टीमीटरने मोजा.

आता जे मला सगळ्यात महागात पडलं ते सांगतो. दुरुस्ती केंद्राचं नाव घेत नाही, तो माझा हेतू नाही. सेट दिला होता अलाइनमेंटसाठी, म्हणजे आतली ट्यून सर्किटं पुन्हा जुळवून घ्यायला. डायलचा दिवा त्यांनी स्वतःहून बदलला आणि बिलावर फक्त ‘सर्व्हिसिंग’ लिहिलं. खरखरीची तक्रार केली तेव्हा उत्तर ठाम होतं, ‘एलईडी डीसीवर चालतो, त्यातून नॉइज येणं शक्य नाही.’ कोणता दिवा घातलाय, त्याच्या आत काय आहे, हे सांगायची तयारी नाही. जुने दिवे परत मागितले तर ते टाकून दिलेले. सेट पुन्हा घेऊन गेलो तर त्यांच्या टेबलावर लहानशा वायरवर ऐकून म्हणाले, सेट उत्तम आहे. त्यांच्याच बाकावर इतका नॉइज होता की माझी खरखर त्यात बुडून गेली होती.

मग सगळा पावसाळा मी घराबाहेरचा नॉइज शोधत घालवला. घराचा मेन स्विच बंद करून बॅटरीच्या ट्रान्झिस्टरवर ऐकलं, शेजाऱ्यांना त्यांचा इन्व्हर्टर बंद करायला लावला, डायपोल अँटेना गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेला, नॉइज अडवायला फेराइटचे रिंग आणून कोएक्सवर चढवले. नॉइज मात्र दिव्यातूनच येत होता. सकाळच्या नेटवर (ठरलेल्या वेळी हॅम मंडळी रेडिओवर जमतात तिथे) लांबची स्टेशन्स मला हाका मारत होती आणि मला ऐकू येत नव्हती, याचं वाईट अजूनही वाटतं. माझा एस-मीटर एस-३ वरून एस-७ वर गेला होता, म्हणजे चार एस-युनिट; एकाला ६ डीबी धरले तर २४ डीबी. एवढ्या फरकात कमकुवत सिग्नल पुसलेच जातात. आपल्याकडे क्यूआरपीवर (अगदी कमी पॉवरवर), बिटेक्ससारख्या घरी जोडलेल्या सेटवर बोलणारे कितीतरी जण आहेत. त्यांच्यासाठी आपला रिसीव्हर शांत असणं ही आपली जबाबदारी आहे, असं मी मानतो. म्हणून आता माझा नियम पक्का आहे: सेट कुणाकडेही द्या, काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून परत मागायचा आणि काय घातलं ते बिलावर लिहून घ्यायचं. जो लिहून देत नाही त्याच्याकडे सेट ठेवायचा नाही.

आता उपाय. तयार दिवा फेकून द्या. ४० मीटरसाठी कोणता तयार दिवा चांगला, हे मला विचारू नका, माझ्या मते कोणताच नाही. सुटे पांढरे ५ मिमी एलईडी मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत कुठेही मिळतात. दिव्याला १३.८ व्होल्ट डीसी येत असेल तर एक पांढरा एलईडी (त्यावर साधारण ३.२ व्होल्ट पडतात) आणि १ किलोओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर सीरिजमध्ये. १० मिलीअँपच्या आसपास करंट जातो, तो पुरतो. १२.६ व्होल्ट एसी असेल तर एलईडी थेट लावू नका, सहसा तो उलट दिशेने ५ व्होल्टपेक्षा जास्त सोसत नाही. १एन४००७ चे चार डायोड ब्रिजमध्ये, पुढे ४७० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर. तिथे साधारण १६ व्होल्ट मिळतात. त्यावर दोन एलईडी सीरिजमध्ये आणि १.२ किलोओहम. प्रत्येक डायोडवर ०.०१ मायक्रोफॅरडची सिरॅमिक डिस्क लावा, हे टाळू नका, नाहीतर डायोडच्या स्विचिंगचा हम (गुणगुण) काही फ्रिक्वेन्सींवर स्टेशनच्या कॅरिअरवर चढलेला ऐकू येतो. हीटरच्या लाइनचं एक टोक बहुतेक वेळा चॅसिसला असतं, म्हणून ब्रिजनंतरचं मायनस चॅसिसला जोडू नका.

रंगाचंही बघा. त्या काळच्या डायलमागचा निळा-हिरवा प्लास्टिकचा पडदा तारेच्या (जुन्या फिलामेंटच्या) दिव्याच्या पिवळट प्रकाशासाठी केलेला असतो. त्यामागे थंड पांढरा एलईडी ठेवला की डायल दवाखान्यासारखा दिसतो. वॉर्म व्हाइट घ्या. एलईडीचं डोकं बारीक पॉलिश पेपरने घासून धूसर करा, नाहीतर मीटरवर मधोमध एक झगझगीत ठिपका आणि कडेला अंधार राहतो.

पण सगळेच दिवे बदलायचे नसतात. काही जुन्या सेटांत अँटेना आणि रिसीव्हरच्या मधे एक चिमुकला दिवा फ्यूज म्हणून बसवलेला असतो. सिग्नल त्याच्यातूनच आत जातो. त्याजागी एलईडी लावलात तर रिसीव्हर बहिरा होईल. ट्रान्समीटर तपासायच्या टू-टोन टेस्टसाठी जुना वीन ब्रिज ऑसिलेटर (स्वर तयार करणारं उपकरण) असेल तर त्यातल्या दिव्यालाही हात लावू नका. ह्यूलेट-पॅकार्डचे एक संस्थापक बिल ह्यूलेट यांनी १९३९ मध्ये पेटंटला दिलेल्या सर्किटपासून तो दिवा उजेडासाठी नसून आउटपुट स्थिर ठेवायला आहे. तार तापली की रेझिस्टन्स वाढतो, त्यावरच सगळं चालतं.

समोरच्या पॅनलवरचे ट्रान्समिट वगैरेचे एलईडी बदलताना रंगाच्या मोहात पडू नका. लालवर जेमतेम १.८ ते २ व्होल्ट पडतात, निळ्यावर ३ च्या वर. तो एलईडी एखाद्या ट्रान्झिस्टरच्या बेसच्या वाटेत असेल तर निळा लावल्यावर ट्रान्झिस्टर चालूच न होण्याची शक्यता असते. लालच्या जागी लालच घ्या. हल्लीचे लाल फार प्रखर असतात, तेव्हा मूळ ६८० ओहम असेल तर ४.७ किलोओहम करून बघा, रात्री डोळ्यांना बरं.

आणि खरं सांगायचं तर मूळ तारेचा दिवा मिळत असेल तर तोच लावा. त्याच्या सीरिजमध्ये लहान रेझिस्टर घालून व्होल्टेज दहा टक्के कमी केलंत तर आयुष्य साधारण तिप्पट होतं, उजेड थोडाच कमी होतो आणि नॉइजचा प्रश्नच येत नाही.

सेट उघडणार असाल तर: फायनल ट्यूबच्या (ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्यातल्या ट्यूबच्या) प्लेटवर ६०० ते ९०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात. ते रिकामे करायची सवय नसेल तर जवळच्या जुन्या हॅमला शेजारी बसवून करा, एकट्याने नको. दिवा काढल्यावर एस-मीटर किती दाखवतो आणि दिव्याच्या टोकांवर एसी आहे की डीसी, हे दोन्ही इथे लिहा. त्यावरून रेझिस्टरचा आकडा नेमका सांगता येईल.

७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा)