चिंतामणरावांनी रेड्डींना पाडलं का?

प्रश्न (एक वाचक, माणगाव): सर, राष्ट्रपतिपदाची निवडणूक आली की आमचे आजोबा १९६९ सालचा विषय काढत. चिंतामणराव देशमुख मध्ये उभे राहिले नसते तर काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी अपक्ष व्ही. व्ही. गिरींना हरवून निवडून आले असते आणि काँग्रेस फुटली नसती, असं त्यांचं ठाम मत. आजोबा आता नाहीत. वाद घालायला कुणी उरलं नाही म्हणून तुम्हाला विचारते. त्यांचं बरोबर होतं का?

उत्तर: वाद घालायला मी आहे की! मी तेव्हा महाडला सातवीत होतो आणि आमच्या घरात या विषयावर दोन दिवस जेवणं थंड झाली होती. कारण साधं. देशमुखांचा जन्म नाते गावचा, म्हणजे महाडहून रायगडाकडे जाताना लागतं ते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपदावर लाथ मारलेला माणूस. आमच्याकडे त्यांचं नाव घेताना लोक आवाज खाली आणत. त्यांना 'स्वतंत्र' नावाच्या पक्षानं आणि जनसंघानं उभं केलंय, हे काकांना पटलं नव्हतं, पण माणूस आपला होता.

काकांचं बाजारपेठेत किराण्याचं दुकान. निकाल लागला बुधवारी, २० ऑगस्टला. दुसऱ्या दिवशी एसटीनं पेपर आला आणि त्यातला दुसऱ्या पसंतीचा घोळ कुणालाच कळेना. काकांनी तागडी पुढे ओढली. एक हजार मतं म्हणजे एक ग्रॅम. एका पारड्यात गिरींचे चारशे ग्रॅम शेंगदाणे, दुसऱ्यात रेड्डींचे सव्वातीनशेला थोडे कमी, आणि कागदावर देशमुखांची एकशेबारा ग्रॅमची ढिगली. गिरींचं पारडं खाली टेकलेलं.

"आता बघा," म्हणाले, आणि देशमुखांच्या ढिगलीतले नव्वदेक ग्रॅम मोजून रेड्डींकडे टाकले, वीसेक ग्रॅम गिरींकडे. पारडं उचललं गेलं, डुगडुगलं, पण फिरलं नाही. गिरींची बाजू बोटभर खालीच. ढिगलीतले उरलेसुरले शेंगदाणे काकांनी तोंडात टाकले. "ह्या संपलेल्या मतपत्रिका. यांनी पुढची पसंती लिहिलीच नाही."

आता खरे आकडे घ्या. इथे मत देतात खासदार-आमदार, आणि प्रत्येकाच्या मताला ठरलेलं मूल्य असतं, म्हणून आकडे लाखांत. पहिल्या पसंतीची मतं गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. जिंकायला हवी होती ४,१८,१६९. कुणालाच मिळाली नाहीत, म्हणून खालच्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली. एकूण उमेदवार पंधरा होते, पण बाकीच्या बाराजणांची मतं मिळून साडेआठ हजारांच्या आसपास. सगळा खेळ देशमुखांच्या ढिगलीचा. शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. म्हणजे या फेऱ्यांत रेड्डींच्या पदरात ९१,८७९ मतं पडली, गिरींच्या जेमतेम साडेअठरा हजार. देशमुखांच्या मतदारांनी रेड्डींना भरभरून दिलं. काकांनी खाल्लेल्या, म्हणजे संपलेल्या मतपत्रिका निघाल्या १०,८३३ मतांच्या. त्या सगळ्याच्या सगळ्या रेड्डींना दिल्या तरी ते ३,८१७ नं मागेच राहतात. तेव्हा मतांच्या हिशोबात आजोबा चुकले.

फरक १४,६५० चा. ऐकायला मोठा वाटतो. पण तेव्हा एका खासदाराच्या मताचं मूल्य ५७६ होतं. तेरा खासदारांनी गिरींऐवजी रेड्डींना पसंती दिली असती तर निकाल उलटला असता. तेरा!

पण तुमच्या आजोबांना मी अगदी नापास करणार नाही. देशमुखांची उमेदवारी रेड्डींना नडली, पण मतांतून नाही, भेटीगाठींतून. ३ मे रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन गेले. जुलैमध्ये बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळात इंदिराबाईंचं चाललं नाही, रेड्डींचं नाव ठरलं. रेड्डींच्या बाजूनं मत देणाऱ्यांत आपले यशवंतराव चव्हाणही होते. त्यानंतर बाईंनी १६ जुलैला मोरारजींचं अर्थखातं काढून घेतलं, १९ ला चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्यावर सही हंगामी राष्ट्रपती गिरींची, आणि दुसऱ्या दिवशी गिरी राजीनामा देऊन मैदानात! एवढं होऊनही बाईंना रेड्डींना उघड विरोध करता येत नव्हता, कारण रेड्डींच्या अर्जावर सूचक म्हणून खुद्द त्यांचीच सही होती.

ती अडचण सोडवली काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पांनी. देशमुखांच्या पाठीराख्यांनी दुसरी पसंती रेड्डींना द्यावी म्हणून ते स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या नेत्यांना भेटले. हिशोब म्हणून ते बरोबरच होतं. वर आकडे पाहिलेत, नव्वद हजारांवर मतं आली. पण बाईंना हवं होतं ते कारण आयतं मिळालं. जगजीवनराम आणि फक्रुद्दीन अली अहमद यांनी निजलिंगप्पांना पत्र लिहून या भेटींचा जाब विचारला आणि आमदार-खासदारांना मोकळेपणानं मत देऊ द्या अशी मागणी केली. तिथून 'आतल्या आवाजा'ची, म्हणजे पक्षाचा आदेश न पाहता मनाला पटेल तसं मत द्या, अशी भाषा सुरू झाली. आमचे काका म्हणत, आतला आवाज म्हणजे दिल्लीचा ट्रंक कॉल. मला ते पूर्ण मान्य नाही, बँकांच्या निर्णयानं खरोखर भारावलेले बरेच होते. पण वाक्य चांगलं आहे.

पुढचं तुम्हाला माहीतच असेल. १२ नोव्हेंबरला बाईंची पक्षातून हकालपट्टी, मग सिंडिकेट (निजलिंगप्पांसारख्या जुन्या नेत्यांचा गट) आणि इंडिकेट (बाईंचा गट). लोकसभेत बहुमत गेलं, सरकार कम्युनिस्ट आणि द्रमुकच्या टेकूवर चाललं. १९७१ च्या मध्यावधीत इंदिरा काँग्रेस ३५२ जागांवर, सिंडिकेटची संघटना काँग्रेस १६ वर. मुंबईचे स. का. पाटील आणि मोरारजी तिकडेच राहिले. चव्हाण निकालानंतर बाईंबरोबर आले, पण १९७० च्या जूनमध्ये त्यांचं गृहखातं गेलं आणि अर्थखातं मिळालं. बंगळूरचं मत बाई विसरल्या नव्हत्या, असं मी म्हणेन. आणि ज्यांच्यासाठी एवढं रामायण घडलं ते संजीव रेड्डी १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले.

काँग्रेस मात्र रेड्डी जिंकले असते तरी फुटली असती. फक्त हकालपट्टीची नोटीस कुणी कुणाला द्यायची, हा प्रश्न होता.

प्रश्न (एक वाचक, नागपूर): उपराष्ट्रपती असलेल्या गिरींनीही राजीनामा दिला. मग त्या महिन्यात राष्ट्रपती कोण होते?

उत्तर: सरन्यायाधीश महंमद हिदायतुल्ला. २० जुलै ते २४ ऑगस्ट. तुम्ही नागपूरचे असून विचारताय, याचं नवल वाटलं! ते तुमच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी आणि नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. त्या पाच आठवड्यांत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीत आले, तेव्हा यजमान हेच.

प्रश्न (एक वाचक, दादर): २००७ मध्ये शिवसेनेनं युती सोडून प्रतिभाताईंना मत दिलं. त्यांच्यावर कारवाई कशी झाली नाही?

उत्तर: कोण करणार? या निवडणुकीत पक्षाला व्हिप, म्हणजे बंधनकारक पक्षादेश, काढता येत नाही आणि मतदान गुप्त असतं. शिवाय सेनेनं काही लपवलंही नव्हतं, मराठी राष्ट्रपती हवा म्हणून बाळासाहेबांनी भाजपच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या भैरोसिंह शेखावतांना सरळ नाही म्हटलं. पाच वर्षांनी प्रणव मुखर्जींच्या वेळी पुन्हा तेच. २०२२ मध्ये तर गंमत अशी की, पक्ष फुटून महिनाही झाला नव्हता, तरी शिंदे आणि ठाकरे दोघांचाही पाठिंबा द्रौपदी मुर्मूंनाच होता. आपल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५. ते १९७१ च्या लोकसंख्येवर ठरलेलं आहे, म्हणून एवढ्या वर्षांत हललेलं नाही.

माणगावच्या ताईंना एक विनंती. आजोबांनी तेव्हाची कात्रणं ठेवली असतील तर मासिकाच्या पत्त्यावर झेरॉक्स पाठवा. काकांचा तो पेपर शेंगदाण्याच्या पुड्या बांधण्यात केव्हाच गेला.