रिपोर्टातली चरबी आणि दंडावरचा पट्टा

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांची, पहिलटकरीण. सव्विसावा आठवडा चालू आहे. लॅबवाल्यांची ‘संपूर्ण तपासणी’ची ऑफर होती म्हणून घरातल्या सगळ्यांबरोबर मीही रक्त दिलं. कोलेस्टेरॉल २६२ आणि ट्रायग्लिसराइड्स २८४ निघाले, दोन्हींसमोर लाल खूण. तेव्हापासून सासूबाईंनी माझं तूप बंद केलंय, पोह्यांवरची शेवसुद्धा. बीपी परवा १२६/८० होतं. माझ्या थोरल्या बहिणीचं बीपी आठव्या महिन्यात वाढलं आणि चौतिसाव्या आठवड्यातच सिझेरियन करावं लागलं. या चरबीमुळे माझंही तसंच होईल का? सासऱ्यांच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घरात आहेत. अर्धी घेतली तर चालेल?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : गोळीचं आधी सांगते. अर्धी नाही, पावही नाही. कोलेस्टेरॉलच्या त्या गोळ्या एरवी चालू असल्या तरी दिवस राहिल्यावर आम्ही बहुतेक बायकांच्या बंद करतो. क्वचित कुणाला जन्मतःच कोलेस्टेरॉलचा मोठा आजार असतो, तिथे तज्ज्ञ वेगळा विचार करतात. तुझं तसं काही नाही.

आता तो रिपोर्ट. लाल खूण ज्या मर्यादेवरून पडते, ती गरोदर नसलेल्या माणसांची आहे. छापणाऱ्या यंत्राला तुझ्या पोटात बाळ आहे हे ठाऊक नसतं. पहिल्या निम्म्या काळात बाईचं शरीर चरबी साठवतं, नंतर तीच चरबी मोकळी करून स्वतः वापरतं आणि साखर बाळासाठी राखून ठेवतं. वारेला, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटाला, संप्रेरकं बनवायला कोलेस्टेरॉल लागतं. म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत ट्रायग्लिसराइड्स दुप्पट-तिप्पट होतात, कोलेस्टेरॉलही पाव ते निम्म्यानं वाढतं. तुझे आकडे त्यात बसतात. ट्रायग्लिसराइड्स पाचशेच्या वर गेले असते तर मी लक्ष घातलं असतं, आणि हजाराच्या वर गेले तर स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, तेव्हा धावपळ करावी लागते.

बीपीशी याचा संबंध अजिबात नाही असंही मी म्हणणार नाही. ज्यांना गरोदरपणात बीपीचा आजार होतो, त्यांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड्स बऱ्याचदा इतर गरोदर बायकांपेक्षा जास्त आणि चांगलं कोलेस्टेरॉल कमी सापडतं. पण दुखण्याचं मूळ बहुतेकदा वारेत असतं. गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंदावत नाहीत, वारेला रक्त कमी पडतं, आणि मग वारेतून असे पदार्थ आईच्या रक्तात उतरतात जे तिच्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडवतात. चरबीचा आकडा बघून कुणाला बीपी होईल हे ओळखता येत नाही. तूप तोडून ते टळतही नाही. वरणभातावर चमचाभर तूप घे. शेव मूठभर नको, चिमूटभर चालेल. मीठ पूर्ण तोडून हा आजार टळतो असंही आढळलेलं नाही.

तुझ्या पत्रातली खरी महत्त्वाची ओळ बहिणीची आहे. पहिलटकरीण आणि सख्ख्या बहिणीला हा त्रास, या दोन गोष्टी तुझ्या डॉक्टरांना ठळक सांग. अशा बायकांना कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन द्यायची की नाही हे आम्ही ठरवतो. ती बाराव्या आठवड्यानंतर, शक्यतो सोळाव्याच्या आत सुरू केली तर जास्त उपयोगी पडते. तुला उशीर झालाय, तरी याच भेटीत विचार. मनानं मात्र सुरू करू नकोस.

माझं स्वतःचं सांगते. १९८९ साली मी निवासी डॉक्टर होते, पहिलीच वेळ. डोहाळजेवणाला हातात हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. तेहेतिसाव्या आठवड्यात दोन दिवस डोकं दुखत होतं, मी म्हटलं रात्रपाळीचं असेल. सासूबाईंनी चहाचा कप देताना माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, “परवा खुळखुळत होत्या, आज हलत का नाहीत?” बांगड्या मांसात रुतल्या होत्या. बीपी १६४/११०. परीक्षानळीत लघवी तापवली तर पांढरी, दह्यासारखी गोठली, म्हणजे प्रथिनं जात होती. त्या वेळी मी रोज वीस बायकांचं बीपी मोजत होते, स्वतःचं पंधरा दिवस मोजलं नव्हतं. मुलगी झाली एक किलो नऊशे ग्रॅमची. आज ती स्वतः आई आहे.

म्हणून घरात बीपीचं मशीन आण, दंडावर पट्टा बांधायचं, मनगटावरचं नको. आधी लघवीला जाऊन ये. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून गप्प बस. बाही वर, हात टेबलावर म्हणजे छातीच्या पातळीला. अर्धा तास आधी चहा नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा माग, नाहीतर आकडा खोटा वाढलेला दिसतो. आठवड्यातून दोनदा वहीत लिही. विसाव्या आठवड्यानंतर वरचा १४० किंवा खालचा ९०, यातला एकही गाठला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळव. १६० किंवा ११० दिसला तर फोनवर विचारत बसू नकोस, सरळ दवाखाना गाठ. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिणग्या, बरगडीखाली उजवीकडे कळ, एकाएकी सुजलेला चेहरा, यातलं काहीही झालं तर आकडा बरा असला तरी जा. पाय सुजणं बहुतेकींना होतं, ते एकटं असेल तर घाबरू नकोस.

आणि हे पान सासूबाईंना वाचायला दे. त्यांना काळजी आहे, त्या काळजीला काम दे. मशीन त्यांच्या हाती असू दे.

प्रश्न : सुनेला बीपीमुळे लवकर मोकळं केलं. आता घरी येऊन चौथा दिवस, बीपी पुन्हा १५०/९६. बाळ तर झालं, मग हे कशामुळे? ती अंगावर पाजतेय, गोळ्या चालतील का?
— एक सासू, देवास

उत्तर : काकू, आजच घेऊन जा. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी चढतं आणि कित्येकदा या आजारातले आकडीचे झटके बाळ झाल्यावरच येतात. लॅबेटालॉल, निफेडिपिन या गोळ्यांवर पाजता येतं. ठरलेली मात्रा डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय तोडू नका. डिंकाचे लाडू खुशाल द्या. चरबीची तपासणी आत्ता नको, तीन महिन्यांनी करा. तोपर्यंत आकडे बहुतेक खाली आलेले असतात, आणि तेव्हाही जास्त असतील तर मात्र ते तिचे स्वतःचे समजायचे. ज्या बाईला हा त्रास झाला, तिला पुढे हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट असतो. मला पंचेचाळिशीत बीपीची गोळी सुरू झाली. सुनेचं बीपी दरवर्षी मोजून घ्या, बाळाच्या वाढदिवसाला घेतलं तर विसरणार नाही.