पोर्टफोलिओतून गळालेले दोन दिवस

गेली काही वर्षं माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी, ॲप-वेबसाइटच्या स्क्रीन्स बेतणारी डिझायनर मुलंमुली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. ‘पाच-सहा वर्षं काम केलं, स्क्रीन्सचे ढीग आहेत, पण दाखवण्यासारखी प्रोसेस, म्हणजे काम कसं घडत गेलं ते, नाही. मी खरंच डिझायनर आहे का? की नुसती सांगितलेली चित्रं काढते?’ कुणी हे हसत विचारतं, कुणाच्या डोळ्यांत पाणी असतं. उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून एका मुलीची हकीगत सांगते. तिने लिहायला परवानगी दिली आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

ती एकोणतीस वर्षांची, मूळची सांगलीकडची. अप्लाइड आर्टची पदवी घेऊन पुण्यात आली. पतसंस्थांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका कंपनीत सहा वर्षं एकटीच डिझायनर होती. नोकरी बदलायची म्हणून तिने तीन ठिकाणी मुलाखती दिल्या आणि तिन्हीकडून नकार आला. तिसऱ्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी तिच्या पोर्टफोलिओतल्या, म्हणजे निवडक कामाच्या संग्रहातल्या, एका आकृतीवर बोट ठेवून शांतपणे विचारलं, “इथे तुमचा विचार बदलला असं लिहिलंय. कशामुळे बदलला?”

“मला काही सांगताच आलं नाही मॅडम,” ती म्हणाली. “कारण तसं काही झालंच नव्हतं. मी ते नंतर बसून लिहिलं होतं.”

त्या दिवसापासून तिने लॅपटॉपवरचं पोर्टफोलिओचं फोल्डर उघडलं नव्हतं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही, ऑफिसात कुणी “जरा बोलायचंय” म्हटलं की पोटात गोळा. झोप, भूक, कामातली गोडी, जगण्याविषयीचे विचार हे सगळं मी पहिल्या भेटीत नीट विचारून घेतलं. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकून असती आणि कशातच मन लागत नसतं, तर मी तिला आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तसं नव्हतं. ती जेवत होती, मैत्रिणींना भेटत होती, रविवारी चित्रं काढत होती. दुखत होतं ते एकाच जागी.

तिने पोर्टफोलिओ दाखवला. देखणा होता. प्रत्येक प्रकल्पाच्या सुरुवातीला तीच आकृती, हिऱ्याच्या आकाराच्या दोन चौकटी शेजारी शेजारी. काम कसं पुढे जातं ते दाखवणारी ही आकृती डिझाइनवाल्यांना पाठ असते. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलने २००५ साली ती मांडली. आधी शोधत पसरत जायचं, मग प्रश्न नेमका करत आवळायचं, पुन्हा उपाय शोधत पसरायचं आणि शेवटी एक उपाय पक्का करून पोचवायचा. आकृती चांगली आहे, पण कामाचं ते एक ढोबळ चित्र आहे. खरं काम करताना माणूस दहादा मागे येतो. हिच्या पानांवर मागे येणं कुठेच नव्हतं. हिऱ्यांखाली इंटरनेटवरून घेतलेला एक हसरा चेहरा, त्याच्या ‘गरजा’, त्याच्या ‘अडचणी’, आणि मग चकचकीत स्क्रीन्स.

अशा वेळी समुपदेशकाच्या हाताशी एक तयार उत्तर असतं. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली, कर्तबगार असूनही ‘आपण तोतया आहोत, कधीतरी पकडले जाऊ’ असं वाटणाऱ्या स्त्रियांचं निरीक्षण मांडलं. आज त्यासाठी ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ हा शब्द सर्रास वापरला जातो. मीही तिला म्हणू शकले असते, ‘अगं, तुला नुसतं तसं वाटतंय, तू छानच आहेस.’ मी ते म्हटलं नाही. तिला आपण फसवतोय असं वाटत होतं, कारण त्या पानांवर तिने खरोखरच थोडं फसवलं होतं. ती बोच खरी होती आणि चांगलीही होती. नुसता धीर देऊन ती बुजवणं मला तिच्यावर अन्याय वाटला.

दुसऱ्या भेटीत मी लॅपटॉप मिटायला सांगितला. म्हटलं, “यातली एकच स्क्रीन निवड. ती कशी झाली ते सोमवारपासून सांग. बरोबर-चूक काही नको.”

तिने पिग्मी एजंटांचं ॲप निवडलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: दुकानदार, भाजीवाले, टपरीवाले यांच्याकडून रोज थोडी थोडी रक्कम दारात जाऊन गोळा करायची, ती पिग्मी. १९२८ साली उडुपीत डॉ. टी. एम. ए. पै यांच्या बँकेने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने, रोज दोन आण्यांपासून ही योजना सुरू केली. आपल्याकडच्या पतसंस्थांत ती आजही चालते. एजंट स्कूटरवरून फिरतो, मोबाइलवर रक्कम टाकतो, ग्राहकाला मेसेज जातो.

“साहेबांनी दहा दिवस दिले होते,” ती सांगू लागली. “मी खातेदारांची यादी केली, अ-आ-इ-ई लावून, वर शोधायची चौकट. सगळ्यांना आवडली. पण मला चैन पडेना. मी कधी पिग्मी गोळा करताना पाहिलंच नव्हतं. शुक्रवारी सुट्टी टाकली आणि एका एजंटकाकांच्या मागे स्कूटरवर बसून गेले. शनिवारी दुसऱ्यांबरोबर.”

“मग?”

“मग काय, काका शोधायच्या चौकटीला हातच लावेनात. एका हातात पैसे, दुसऱ्या हाताचा अंगठा मोबाइलवर, डोक्यावर ऊन. ते रस्त्याच्या क्रमाने जातात मॅडम. आधी किराणा, मग सलून, मग झेरॉक्सवाला. नाव आठवून टाइप करायला वेळ कुणाला? सोमवारी मी यादी त्यांच्या फेरीच्या क्रमाने लावली. दुकान बंद असेल तर ते नाव खाली सरकवायचं.”

ती बोलत होती आणि तिचा आवाज बदलत होता. हात हवेत फिरून रस्ता दाखवत होते. मी मध्ये एक शब्द बोलले नाही.

“आणि एक मोठी चूकही केली,” ती जरा थांबून म्हणाली. “झटपट व्हावं म्हणून आकड्यांच्या कळांत मी दोन शून्यांची एक वेगळी कळ ठेवली होती. पाच दाबून ती दाबली की पाचशे. पन्नास टाकायला गेलेला अंगठा तिच्यावर पडायचा. ग्राहकाला पाचशे जमा झाल्याचा मेसेज आणि संध्याकाळी भरणा करताना काकांना साडेचारशे कमी. पहिल्याच आठवड्यात तक्रारी आल्या. एका काकांनी फरक खिशातून भरला, नंतर हिशेब लागला. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.”

“मग काय केलंस?”

“ती कळ काढली. बरेचसे लोक रोज तीच रक्कम देतात, मग कालची रक्कम एका मोठ्या बटनावर ठेवली. आणि आकड्याखाली अक्षरांत लिहिलं, ‘पन्नास रुपये’. अक्षरं वाचली जातात. आकडा नुसता दिसतो.”

हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, “ही फेरी, ही यादी, ही चूक पोर्टफोलिओत कुठे आहे?”

नव्हती. ते दोन दिवस तिने गाळले होते. कारण विचारलं तर म्हणाली, “दोनच एजंट होते. कंपनीने पाठवलं नव्हतं, मी सुट्टी टाकून गेले. याला रिसर्च थोडीच म्हणतात? आणि चूक कोण लिहितं?”

इथे मला थोडं माझ्या जुन्या धंद्यातलं बोलावं लागलं. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी मुंबईत जाहिरात संस्थेत काम केलं आहे, ब्रोमाइड, म्हणजे फोटोच्या कागदावरचा मजकूर, कापून आर्टवर्क चिकटवायचे ते दिवस होते. त्यामुळे डिझाइनवाल्यांच्या चर्चा मी आजही कान देऊन ऐकते. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी २००० साली लिहिलं होतं की एका प्रकारच्या वापरणाऱ्यांपैकी पाच जणांना काम करताना पाहिलं, तरी बहुतेक अडचणी दिसून येतात. एकदाच मोठी चाचणी घेण्यापेक्षा थोड्या थोड्या लोकांबरोबर पुन्हा पुन्हा घ्या, हे त्यांचं सांगणं. टक्केवारी काढायला पाच माणसं पुरत नाहीत. कुठे ठेच लागते ते दाखवायला पुरतात. दोन एजंट पाहून ‘सगळे एजंट असेच वागतात’ असं तिने लिहिलं असतं, तर मी हरकत घेतली असती. ‘या दोघांनी शोधायची चौकट वापरली नाही, म्हणून मी यादी बदलली’ हे मात्र शंभर टक्के खरं आहे आणि तेवढंच लिहायचं आहे.

तिला कॉलेजात शिकवलेल्या एका गोष्टीची मी आठवण करून दिली. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर जोडप्याने भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या स्थापनेमागे तो अहवाल आहे. त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचं मनापासून कौतुक केलं आणि प्रश्नांची लांबलचक यादी दिली. पाणी किती मावावं? धरणारा हात केवढा? डोक्यावरून न्यायचा की कमरेवर? रिकामा असताना तोल कसा, भरल्यावर कसा? आतून घासता येतो का? वाजवला तर आवाज कसा येतो? लोटा कुणा एकाने बेतला नाही. पिढ्यान्‌पिढ्या कितीतरी हातांनी तो घडवत आणला. ती ऐकत होती. म्हणाली, “परीक्षेसाठी पाठ केलं होतं हे.” मग थोड्या वेळाने, “अंगठा कुठे पोचतो, हा प्रश्न मी स्कूटरवर बसूनच विचारला होता की.”

तिसऱ्या भेटीपर्यंत तिने एकच प्रकल्प नव्याने लिहून आणला. हसरा अनोळखी चेहरा गेला. त्याजागी फेरीच्या रस्त्याचं तिने पेनने काढलेलं चित्र आलं. दोन शून्यांची कळ कुठे होती, का ठेवली, काय झालं, कधी काढली, हे सगळं. ग्राहकांची नावं आणि रकमा खोट्या घातल्या, कंपनीचं नाव झाकलं. हे करायलाच हवं. नोकरीच्या करारात गुप्ततेचं कलम असतं आणि ते न वाचता काम बाहेर दाखवणारी मुलं अडचणीत आलेली मी पाहिली आहेत. हिऱ्यांची आकृती ठेवू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, तुझं काम तसं झालं असेल तर ठेव. तिने काढून टाकली.

फीडबॅकच्या भीतीवरही आम्ही बसलो. ऑफिसात ती स्क्रीन उघडून गप्प बसायची. मग कुणी म्हणायचं, रंग फिका वाटतो. कुणी म्हणायचं, अजून ‘क्लीन’ हवं. प्रत्येक शेरा तिला स्वतःवर आल्यासारखा लागायचा. मला हे आतून ठाऊक आहे. माझे आर्ट डायरेक्टर आर्टवर्कवर बोट ठेवून “हे इथे का?” असं विचारायचे आणि मी तो अपमान समजायची. त्यांना खरंच कारण हवं असायचं, हे कळायला मला फार वर्षं लागली. तिने आता दाखवायच्या आधी बोलायला सुरुवात केली: आज काय ठरलं आहे, काय ठरलेलं नाही आणि मला तुमच्याकडून नेमकं काय हवं आहे. पहिल्या वेळी आवाज थरथरला, असं तिने सांगितलं. तरी त्या दिवशी रंगावर कुणी बोललं नाही. तिने रंगाबद्दल विचारलंच नव्हतं.

रोजची एक वहीही ठरली. तारीख, आज काय ठरवलं, काय सोडून दिलं आणि का, काय अजून माहीत नाही. चार ओळी, दहा मिनिटं. ती बरेच दिवस विसरायची आणि मी त्यावरून कधी बोलले नाही. पण सहा महिन्यांनंतर ‘तुमचा विचार कशामुळे बदलला’ असं कुणी विचारलं, तर उत्तर स्मरणशक्तीवर सोडता येत नाही. आठवणी आपोआप गुळगुळीत होतात. खोटी प्रोसेस लिहिणाऱ्या सगळ्यांनाच फसवायचं असतं असं मला वाटत नाही. बऱ्याच जणांनी नोंद ठेवलेली नसते आणि मग ते आकृतीत बसेल ते लिहितात.

मॅनेजर व्हावं का, हाही तिचा एक प्रश्न होता. त्यावर फार वेळ गेला नाही. बऱ्याच कंपन्यांत आता दोन वाटा असतात. एकीत माणसं सांभाळायची, दुसरीत लीड, प्रिन्सिपल असं होत कामातच खोल जायचं. मी एवढंच विचारलं, “मागच्या महिन्यात कुठल्या दिवशी घरी जाताना बरं वाटलं?” तिने तीन दिवस सांगितले, तिन्ही बाहेर फिरल्याचे. पगाराचा हिशेब, घरभाडं, वय हे सगळं आम्ही बोललो, पण निर्णय तिने या उत्तरावरून घेतला. स्क्रीन तर आता एआयही क्षणात काढून देतो, ही भीतीही तिने बोलून दाखवली. ती भीती मी खोडून काढली नाही. पण यादी रस्त्याच्या क्रमाने लागली ती तिने ऊन झेलून पाहिलं म्हणून, आणि तसं पाहणाऱ्या माणसाची गरज संपेल असं मला वाटत नाही, हे मी तिला सांगितलं.

चौथी मुलाखतही जमली नाही. त्यांना अमुक एका क्षेत्राचा अनुभव हवा होता. पण तिथे तिने दोन शून्यांच्या कळेची गोष्ट सांगितली आणि समोरच्यांनी तासाची मुलाखत दीड तास चालवली. परतताना तिने मला फोन केला. नोकरी मिळाली नाही हे तिने शेवटी सांगितलं. आधी त्यांनी काय काय प्रश्न विचारले तेच सांगत होती.

सध्या ती त्याच कंपनीत आहे. महिन्यातले दोन गुरुवार एजंटांबरोबर फिरण्याची तिने परवानगी मागून घेतली आणि आता सुट्टी टाकावी लागत नाही. परवा तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. वर तारीख, खाली घाईघाईत लिहिलेलं: ‘भाजी मंडई. काका पैसे घेतल्यावर आधी मेसेज गेला का ते बघत नाहीत, गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे बघतात. का? विचारायचं राहिलं. पुढच्या गुरुवारी.’