डोकं दुखलं तरच गोळी?

“गोळी एकदा सुरू झाली की आयुष्यभर सुटत नाही. त्यापेक्षा काही नैसर्गिक उपाय सांगा.” रक्तदाब वाढलेली माणसं समुपदेशनात हेच पुन्हा पुन्हा म्हणतात. म्हणून ही एक हकिगत, ओळख पटणार नाही अशा बेताने.

पन्नाशीच्या एक बाई. डॉक्टरांनी रोजची गोळी दिली होती, पण डोकं जड झालं तरच त्या घेत. एरवी लसूण, काढे आणि दीर्घश्वसन.

“नाही सुटली गोळी, तर काय होईल?” मी विचारलं.

“आईला गोळ्या सुरू झाल्या आणि दोन वर्षांत अर्धांगवायू झाला.”

भीतीशी वाद घालून ती जात नाही. माणसाला स्वतः पडताळून पाहता येईल असं काहीतरी त्याच्या हाती द्यावं लागतं, यावर माझा पक्का विश्वास आहे. गोळी रोज घेत नाही हे त्यांनी आधी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी सात दिवसांची नोंद मागितली. मी वहीत आणखी एक रकाना आखायला लावला: ‘आज कसं वाटतंय’. तो मात्र माप घेण्याआधी भरायचा.

मापात चुका फार होतात. अर्धा तास आधी चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, दंड हृदयाच्या पातळीत टेकवलेला. हात लोंबकळत असेल किंवा बोलणं चालू असेल तर आकडा फुगतो. सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, मिनिटभराच्या अंतराने दोन-दोन मापं. पहिला दिवस वगळून सरासरी काढायची. घरची सरासरी 135/85 किंवा त्याहून जास्त आली तर रक्तदाब वाढलेला समजतात; दवाखान्यात ही मर्यादा 140/90 आहे. धास्तीने दिवसभर मोजत बसू नये, धास्तीनेही आकडा चढतो.

आठवड्याने त्या वही उघडून बसल्या. ‘डोकं जड’ लिहिलेल्या सकाळी 132/84. ‘एकदम छान’ लिहिलेल्या संध्याकाळी 158/96.

“म्हणजे मला कळतच नाही?”

“बहुतेकांना कळत नाही.”

बराच वेळ त्या वहीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “आईसुद्धा डोकं दुखलं तरच घ्यायची.”

मी काहीच बोलले नाही. इतकी वर्षं ज्या गोळीवर त्यांनी ठपका ठेवला होता, ती आईने नेमाने कधी घेतलीच नव्हती. हे मी सांगितलं असतं, तर त्यांनी नुसती मान डोलावली असती.

त्यानंतर नैसर्गिक उपायांचं बोलणं सोपं झालं, कारण ते आता गोळीच्या जोडीला होते. दिवसाचं एकूण मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट एक चमचाभर, विकतच्या पदार्थांतलंही त्यातच धरून. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं. वजन जास्त असेल तर उतरवणं. साधारण किलोमागे एक अंक खाली येतो. संथ श्वसनाने फरक पडतो, पण थोडा. लसणाचाही तसाच, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर लसणाच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय नकोत. त्यांच्या काढ्यात ज्येष्ठमध होतं, ते रोज घेतल्याने रक्तदाब उलट वाढू शकतो. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं.

सर्पगंधा खरोखर रक्तदाब उतरवते. तिच्या मुळातून 1952 मध्ये रेसरपिन वेगळं केलं गेलं आणि ते औषध म्हणून वापरात आलं. पण त्याने मन खचू शकतं, म्हणून ही मुळी स्वतःच्या मनाने घेऊ नये, असं मी निक्षून सांगते.

काही महिन्यांनी बाईंचा डोस डॉक्टरांनी कमी केला. सगळ्यांचाच होतो असं नाही. आपण होऊन मात्र गोळी बंद करू नये. काही गोळ्या एकदम थांबवल्या तर रक्तदाब उसळतो. आणि आकडा 180/120 च्या वर असून छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूची ताकद जाणं यातलं काहीही असेल, तर दुसरं माप घेत न बसता थेट रुग्णालय गाठावं.