टेक्सासने शाळेच्या लशींतून सूट मिळवणं सोपं केलं, हे बरोबर झालं का?

सोपं केलं, पण भलत्याच लोकांसाठी, असं माझं मत. मी डॅलसजवळ राहते आणि माझ्या मुलीला खरोखरच सूट लागते, त्यामुळे मी काही तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते.

टेक्सासमध्ये 'मनाला पटत नाही' एवढ्या कारणावर मुलाला लस न देता शाळेत घालायची मुभा २००३ पासूनच आहे. फक्त त्याचं प्रतिज्ञापत्र ऑस्टिनमधल्या राज्य आरोग्य खात्याकडून मागवावं लागायचं, ते टपालाने घरी यायचं, मग नोटरीसमोर सही. १ सप्टेंबर २०२५ पासून तो फॉर्म घरबसल्या डाउनलोड करता येतो. नोटरी तेवढी राहिली. पण इथली नोटरी म्हणजे तहसील कचेरीबाहेरची रांग नव्हे. बँकेत खातं असलं की बरेचदा फुकटात शिक्का मिळतो. एकदा केलं की दोन वर्षं बघायला नको.

आता आमचं ऐका. मुलीला नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे मूत्रपिंडाचा एक आजार आहे. अंगावर सूज चढली की स्टेरॉइडचे मोठे डोस सुरू होतात, आणि तेव्हा गोवर, कांजिण्या यांच्या जिवंत विषाणूंच्या लशी देता येत नाहीत. किंडरगार्टनच्या वेळी डॉक्टरांचं पत्र नेलं, तर शाळेच्या नर्सने परत केलं. का, तर पत्रात नुसतं 'लाइव्ह व्हॅक्सिन' होतं, लशींची नावं नव्हती. दुसरं पत्र हातात यायला नऊ दिवस गेले. वर गंमत अशी की, आजार जन्मभराचा आहे असं डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर हे पत्र एकच वर्ष चालतं. म्हणजे मनाला पटत नाही त्याला दोन वर्षं, आणि डॉक्टरच नको म्हणतात त्याला एक!

शिवाय फॉर्म डाउनलोड करू देणारा हा कायदा मंजूर झाला तेव्हा पश्चिम टेक्सासात गोवराची साथ चालू होती. जानेवारी ते ऑगस्ट २०२५ मध्ये ७६२ रुग्ण, आणि लस न घेतलेली दोन शाळकरी मुलं दगावली. साथीचा तो भाग आमच्यापासून पाच-साडेपाच तासांवर, तरी त्या महिन्यांत मी लेकीला एकाही वाढदिवसाला पाठवलं नाही.

कागदाने फरक पडतो का? पडतो. कॅलिफोर्नियात पूर्वी लसीकरण कार्डाच्या मागे पालकांनी सही ठोकली की काम व्हायचं. २०१४ पासून त्यावर डॉक्टर किंवा नर्सशी बोलल्याची सही लागू लागली, आणि एका वर्षात बालवाडीत अशी सूट घेणारी मुलं ३.१ वरून २.५ टक्क्यांवर आली. बंदी नाही, दंड नाही, नुसती एक जास्तीची सही. पुढे तिथे वैयक्तिक कारणाची सूटच बंद झाली, तर काही डॉक्टर वैद्यकीय कारणाची सूट वाटत सुटले. म्हणून २०२१ पासून ती सूट सरकारी संकेतस्थळावरूनच द्यावी लागते, आणि एखाद्या डॉक्टरने वर्षात पाच वेळा दिली की सरकार तपासतं.

मला विचाराल तर टेक्सासनेही ती एक सही मागावी. आणि आजारी मुलांच्या डॉक्टरांसाठी छापील फॉर्म काढावा: लशींची नावं, कारण, मुदत, खुणा करायला चौकटी. आज तसा ठरलेला नमुना नसल्याने प्रत्येक डॉक्टर आपल्या मनाने लिहितो आणि प्रत्येक नर्स आपल्या मनाने वाचते.

तुमच्या घरी असं मूल असेल तर पत्र घेऊन दवाखान्यातून निघण्याआधी तिथेच उभं राहून वाचा. प्रत्येक लशीचं नाव आणि मुदत आहे ना, एवढं बघा. मी पार्किंगमध्येसुद्धा उघडलं नव्हतं.