हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख हा एकच धर्म आहे की वेगवेगळे?

तुम्ही लिहिलेला प्रसंग थोडक्यात असा: ऑफिसात डबे खाताना वाद झाला. एकाने संविधानाच्या कलम २५ चा दाखला देऊन सांगितलं की शीख, जैन, बौद्ध हे सगळे मुळात हिंदूच. त्यावर तुमचे बौद्ध सहकारी काही न बोलता उठून गेले. बरोबर कोण आणि त्यांना एवढं लागण्यासारखं काय होतं, असं तुम्ही विचारलंय.

हे चार वेगळे धर्म आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मी जैन आहे, शिरोळ तालुक्यातल्या शेतकरी घरातली. आमच्याकडे जैन, लिंगायत, मराठा, बौद्ध, मुसलमान यांची शेतं एकमेकांच्या बांधाला लागून आहेत. 'तुम्ही म्हणजे हिंदूच की,' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले, आणि बहुतेक वेळा ते आपुलकीनेच म्हटलेलं असतं. तरी ते मला पटत नाही.

आधी कलम २५ बघू, कारण तुमच्या सहकाऱ्याने सांगितलं ते खोटं नाही, अर्धवट आहे. सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या सर्व वर्गांना खुल्या करण्याचा कायदा सरकारला करता येईल, असं त्या कलमात आहे. त्याच्या दुसऱ्या स्पष्टीकरणात म्हटलंय की इथे हिंदू म्हणताना शीख, जैन किंवा बौद्ध धर्म मानणारेही धरावेत. आता त्याच्याच वरचं पहिलं स्पष्टीकरण वाचा. कृपाण धारण करणं हे शीख धर्म पाळण्यात मोडतं, असं तिथे लिहिलंय. म्हणजे हे तिन्ही 'धर्म' आहेत हे ते कलमच गृहीत धरतं, फक्त एका कामापुरतं त्यांना हिंदूंबरोबर मोजतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचंही तसंच. तो हिंदू, बौद्ध, जैन, शिखांना लागू होतो आणि जो मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नाही अशा इतर कोणालाही साधारणपणे लागू होतो. वजाबाकी करून जे उरले त्यांना लागू होणारा कौटुंबिक कायदा, एवढाच त्या नावाचा अर्थ.

याबाबत सगळ्यात मोलाचा पुरावा बाबासाहेबांचा आहे. १९५१ मध्ये संसदेत हिंदू कोड बिलावर, म्हणजे लग्न-वारशाच्या हिंदू कायद्याच्या मसुद्यावर, चर्चा चालू असताना शिखांच्या बाजूने हरकत घेतली गेली. कायदेमंत्री म्हणून बाबासाहेबांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा होता की बुद्ध, महावीर आणि शीख गुरू वेगळे झाले ते धर्ममताच्या बाबतीत. लग्न आणि वारसा यांचा निराळा कायदा त्यांनी आपल्या अनुयायांना दिला नाही, जुनीच व्यवस्था चालू राहिली. त्यामुळे या समाजांना नव्या कायद्यात घेण्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. आणि याच माणसाने १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवशीच्या २२ प्रतिज्ञांमध्ये ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही हे आहे, बुद्ध विष्णूचा अवतार असल्याचं नाकारणं आहे, आणि हिंदू धर्माचा त्याग करून बौद्ध धम्म स्वीकारतो हेही आहे. कायद्यातलं हिंदू असणं आणि धर्माने हिंदू असणं यांत त्यांनी कधी गल्लत केली नाही. आपण मात्र अजून करतो.

तुमचे सहकारी का उठून गेले, ते इथे सापडेल. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी विचार करून, किंमत मोजून एक धर्म सोडला. किंमत मोजून असं म्हणते ते उगाच नाही. अनुसूचित जातींबाबतचा १९५० चा आदेश हिंदूंपुरता होता, शिखांना त्यात १९५६ मध्ये पूर्णपणे घेतलं गेलं आणि बौद्धांना थेट १९९० मध्ये. मधली चौतीस वर्षं दीक्षा घेतलेल्या माणसाला केंद्राच्या सवलतींसाठी सरकार सांगत होतं, तू आता हिंदू नाहीस; आणि लग्नाची नोंद करताना तेच सरकार सांगत होतं, तू हिंदू विवाह कायद्याखाली येतोस. ज्या घराने हे दोन्ही सोसलंय, त्या घरातल्या माणसाला जेवणाच्या टेबलावर 'तुम्ही मुळात हिंदूच' म्हणणं म्हणजे त्याच्या आजोबांचा निर्णय झालाच नाही असं म्हणणं आहे.

आता व्याख्येकडे येते, कारण वादात पुढचा प्रश्न हाच येतो की हिंदू म्हणजे कोण. याची दोन गाजलेली उत्तरं महाराष्ट्रातून आली आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. लोकमान्य टिळकांनी सांगितलेलं लक्षण 'प्रामाण्यबुद्धिर्वेदेषु' असं सुरू होतं: वेद प्रमाण मानणं, साधनं अनेक असणं आणि उपास्य दैवताचा नियम नसणं. या लक्षणाने बौद्ध आणि जैन सरळ बाहेर राहतात, कारण वेदांचं प्रामाण्य दोघांनीही नाकारलंय. शिखांसाठी तर गुरू ग्रंथसाहिब हेच गुरू. सावरकरांनी १९२३ मध्ये वेगळी व्याख्या केली, सिंधूपासून समुद्रापर्यंतची भूमी ज्याची पितृभू आणि पुण्यभू तो हिंदू. तिच्यात भारतातले बौद्ध, जैन, शीख सगळे बसतात. पण जपानमधला किंवा थायलंडमधला बौद्ध बसत नाही. म्हणजे एकच त्रिशरण म्हणणारे दोघे, त्यांतला नागपूरचा हिंदू आणि बँकॉकचा बौद्ध! या व्याख्येने राष्ट्राची हद्द आखता येईल, धर्माची नाही.

मतांकडे पाहिलं तर फरक वरवरचे नाहीत, मुळातले आहेत. अद्वैत वेदान्त म्हणतो, आत्मा आणि ब्रह्म एकच. आम्ही जैन म्हणतो, जीव अनंत आहेत, प्रत्येक वेगळा, आणि मोक्षानंतरही वेगळाच राहतो. सिद्धशिलेवर, म्हणजे मुक्त जीवांच्या ठिकाणी, कोणी कोणात विलीन होत नाही. बुद्ध म्हणतात, नित्य असा आत्माच नाही. या तीन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. कर्म हा शब्द चौघांकडे आहे, पण आमच्याकडे कर्म म्हणजे जीवाला चिकटणारं सूक्ष्म पुद्गल, म्हणजे जडद्रव्य आहे. ते नवं येऊ नये म्हणून संवर आणि जुनं झडावं म्हणून निर्जरा. बुद्धांनी कर्माचं मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत पाहिलं, आणि ज्या कठोर तपाला आम्ही निर्जरेचा मार्ग मानतो तो स्वतः करून पाहून सोडून दिला. शिखांचा एक ओंकार हा कर्ता आहे, सगळी सृष्टी त्याच्या हुकमात चालते, आणि तो अवतार घेत नाही. जैनांकडे सृष्टी निर्माण करणारा कोणी नाहीच.

यावर कोणीतरी नक्की म्हणेल की हिंदू दर्शनांतले सांख्य आणि मीमांसकही जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत, मग जैन वेगळे कसे? मुद्दा चांगला आहे. पण मीमांसकांचा सगळा डोलारा वेद आणि यज्ञ यांवर उभा आहे, आणि वाद नेमका तिथेच होता. देव आहे की नाही यापेक्षा प्रमाण कोणतं आणि यज्ञातली हिंसा धर्म होऊ शकते का, यावर श्रमण (वेद न मानणारे बौद्ध, जैन यांसारखे संन्यासी) आणि ब्राह्मण शतकानुशतकं भांडले. अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात संघ, ब्राह्मण, आजीवक आणि निर्ग्रंथ यांची नावं वेगवेगळी येतात. निर्ग्रंथ म्हणजे जैन. राज्य करणाऱ्याला तेव्हाही हे निराळे दिसत होते.

आणि वेगळं दिसूनही सगळ्यांना मान देता येत होता, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आमच्याच भागातलं उदाहरण देते. कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातल्या गंडरादित्य राजाने बाराव्या शतकाच्या सुरुवातीला मिरजेकडच्या इरुकुडी गावी गंडसमुद्र नावाचा तलाव बांधला आणि त्याच्या काठी ईश्वर, बुद्ध आणि अर्हत (जैन तीर्थंकर) या तिघांची स्थापना केली. तिघांना मिळून एक देऊळ बांधून 'सगळे एकच' म्हणणं त्याला अवघड नव्हतं. त्याने तसं केलं नाही, तिघांसाठी जमिनी दिल्या. आमच्या तालुक्यात खिद्रापूरला कोपेश्वराचं देऊळ आहे आणि त्याच गावात जुनी जैन बस्ती, म्हणजे मंदिरही आहे. दोन्हीकडे लोक जातात, आणि आपण कुठे आलोय हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

आमच्या घरात गौरी-गणपती बसतात. आजी पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जायची आणि परत येऊन दिवस मावळायच्या आत जेवायची, कारण रात्रीभोजनाचा त्याग होता. भाद्रपदात दशलक्षण पर्व, उपवास, कंदमुळं बंद. दिवाळीला लक्ष्मीपूजनही होतं, पण पहाटे बस्तीत निर्वाण लाडू चढवतात, कारण आमच्यासाठी ती पावापुरीला झालेल्या महावीरांच्या निर्वाणाची तिथी आहे. त्याच सुमारास अमृतसरला दिवे लागतात ते गुरू हरगोबिंद ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून सुटून आले म्हणून. आजीला कोणी विचारलं असतं तर तिने एका दमात सांगितलं असतं, आम्ही जैन. वाडीच्या दत्तावर तिची श्रद्धा होती, णमोकार मंत्रावर तिचा धर्म होता. शेजाऱ्याच्या देवाला हात जोडल्याने धर्म एक होतो, असं तिला कधी वाटलं नाही. काठमांडूत कुमारी म्हणून नेवार बौद्ध शाक्य घरातली मुलगी निवडली जाते आणि हिंदू राजे तिच्यापुढे मस्तक टेकवत असत. त्यावरून बौद्ध आणि हिंदू एक ठरत नाहीत. एकमेकांच्या घरात त्यांचं येणं-जाणं आहे, इतकंच ठरतं.

शिखांबद्दल 'हे वेगळेपण इंग्रजांनी शिकवलं' असं ऐकू येतं. एकोणिसाव्या शतकात सिंग सभेच्या शीख सुधारणा चळवळीने सीमारेषा ठळक केल्या, १९०५ मध्ये सुवर्णमंदिराच्या परिसरातून मूर्ती हलवल्या गेल्या, हे खरं आहे. त्याआधी पंजाबात एकाच घरात एक मुलगा केसधारी शीख आणि बाकीचे हिंदू असं सर्रास असायचं. पण 'ना हम हिंदू न मुसलमान' ही ओळ गुरू अर्जनदेवांची आहे, १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथातली. तेव्हा इथे इंग्रजांचं राज्य नव्हतं. त्याच ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत, आणि १७०८ मध्ये ग्रंथालाच गुरुपद दिलं गेलं ते नांदेडला. मराठी माणसाला याचा अभिमान वाटावा असंच आहे. नामदेव वारकऱ्यांचे आहेत आणि शिखांचेही, दोन्ही पूर्णपणे. त्यासाठी वारकरी आणि शीख एक असण्याची गरज पडत नाही.

आता माझ्या समाजाबद्दल एक गोष्ट, जी या वादात जैन सहसा बोलत नाहीत. १९४७ मध्ये मुंबई प्रांतात हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. जैन मंदिरं हिंदू मंदिरं नाहीत, तेव्हा आम्हाला तो लागू करू नका, अशी भूमिका जैनांनी घेतली. आचार्य शांतिसागर महाराजांनी त्यासाठी अन्नाहार सोडला होता. १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जैनांच्या बाजूने निकाल दिला. जैन धर्म वेगळा आहे हे तत्त्व म्हणून बरोबरच होतं. पण ते सिद्ध केलं गेलं ते दार बंद ठेवण्यासाठी, आणि ज्या धर्मात तीर्थंकराच्या समवसरणात, म्हणजे उपदेशसभेत, पशूंनाही जागा आहे त्या धर्माच्या नावाने, याचं मला फार दुःख होतं. स्वामीनारायण पंथाच्या अनुयायांनीही 'आम्ही हिंदू नाही' असं म्हणून मंदिरप्रवेश टाळायचा प्रयत्न केला. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, आणि तो निकाल लिहिताना न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी टिळकांच्याच लक्षणाचा आधार घेतला. वेगळेपणाचा दावा कोण, कशासाठी करतोय, हे प्रत्येक वेळी तपासलं पाहिजे. नागपूरला तो दावा माणूस म्हणून उभं राहण्यासाठी केला गेला.

सध्याची स्थिती सांगते, म्हणजे वादात उपयोगी पडेल. शीख आणि बौद्ध १९९३ पासून आणि जैन २०१४ पासून केंद्राच्या अल्पसंख्याक यादीत आहेत. जनगणनेत चारही धर्म स्वतंत्र मोजले जातात. शिखांसाठी १९०९ चा आनंद विवाह कायदा आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्याखाली लग्नाची नोंदही करता येते. जैनांना आणि बौद्धांना हिंदू विवाह कायदाच लागू आहे. २०२५ मध्ये इंदूरच्या कुटुंब न्यायालयाने जैन अल्पसंख्याक असल्याचं कारण देऊन त्यांचे अर्ज या कायद्याखाली घ्यायचं नाकारलं, तेव्हा मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. म्हणजे धर्म वेगळा आणि विवाहकायदा समान, असं दोन्ही एकाच वेळी आज लागू आहे.

संविधानाच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या वेंकटचलय्या आयोगाने २००२ मध्ये सुचवलं होतं की कलम २५ मधलं ते दुसरं स्पष्टीकरण काढून टाकावं आणि मूळ मजकुरातच हिंदू, शीख, जैन, बौद्ध अशी चौघांची नावं लिहावीत. कायद्याच्या परिणामात त्याने काहीच बदललं नसतं. ती दुरुस्ती अजून झालेली नाही. ती व्हावी असं मला मनापासून वाटतं. तोपर्यंत तुमच्या त्या सहकाऱ्याला कलम २५ ची दोन्ही स्पष्टीकरणं एकत्र वाचायला द्या, आणि जे उठून गेले त्यांच्याशी आधी बोला.